तिघांसाठी घेतलेलं पिस्तूल

हृषिकेश दामलेची एक खोड होती. विकत आणलेली कुठलीही वस्तू तो आणली तशी वापरत नसे. सायकल आणली की सीट बदलायचा, कुकर आणला की त्याची मूठ. अन्वीच्या शाळेच्या दप्तराचे पट्टे त्याने घरी उसवून, आतून स्पंज घालून पुन्हा शिवले होते. चारुलता त्यावरून त्याची थट्टा करायची. तो म्हणायचा, की वस्तू बनवणाऱ्याला ती कोण वापरणार हे ठाऊक नसतं, मला ठाऊक असतं. चिंचवडच्या कारखान्यातून अठ्ठ्याण्णव साली तो जर्मनीत आला, त्सुफेनहाउझेनच्या एका कंपनीत इंजिनं तपासायचं काम करू लागला, आणि कामावरही याच सवयीमुळे त्याचं नाव झालं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये चारुलता आणि अन्वी पुण्याला गेल्या. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे दिवस होते, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला झेंडे लावलेले होते, आणि विमानतळावर जाताना सात वर्षांची अन्वी खिडकीला नाक लावून ते झेंडे बघत बसली होती. चारुलताच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. महिन्याभरात परत यायचं ठरलं होतं. पण वडील सावरेनात. मग पूर्वी ती जिथे काम करायची त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत चारुलताला कुणाच्या तरी बदली काम मिळालं, मग ते कायम झालं, आणि शाळा सुरू झाल्यावर अन्वीला तात्पुरतं म्हणून तिथेच घातलं. ऑगस्टमध्ये फोनवर चारुलता म्हणाली, "मी येते परत. फक्त मी तिथे येऊन काय करू, ते सांग." सहा वर्षं ती त्सुफेनहाउझेनच्या त्या रांगेतल्या घरात डिग्री कपाटात ठेवून बसली होती, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, अन्वीला फोन दे. त्यानंतर हा विषय दोघांनीही काढला नाही. भांडण झालं असतं तर निदान समजूत तरी काढता आली असती.

घर तीन मजली होतं, अरुंद, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. हृषिकेश स्वयंपाकघर आणि त्याच्यावरची खोली एवढंच वापरू लागला. सगळ्यात वरची अन्वीची खोली त्याने बंद केली, आणि हिवाळा लागल्यावर तिथला हीटर अगदी बारीक ठेवला.

नोव्हेंबरमध्ये रांगेच्या टोकाला राहणाऱ्या फ्राऊ श्टाइनकडे चोरी झाली. भर संध्याकाळी, पाच वाजता. तिकडे त्या दिवसांत पाचलाच काळोख असतो. बाई खरेदीला गेल्या होत्या, चोराने बागेकडचं काचेचं दार स्क्रूड्रायव्हरने उचकटलं आणि दागिने नेले. कुंपणापलीकडून हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, की तुमची मंडळी बऱ्याच दिवसांत दिसली नाहीत. हृषिकेश म्हणाला, सुट्टीवर गेली आहेत.

त्या शनिवारी तो एस-बानने, तिथल्या लोकलने, लुडविग्सबुर्गला गेला. स्टेशनमागच्या गल्लीत हत्यारांचं एक जुनं दुकान होतं. शिकाऱ्यांच्या बंदुका, बूट, दुर्बिणी. मालक हेर फोग्ट, साठी उलटलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधीच स्पष्ट केलं की खऱ्या बंदुकीचा परवाना घराच्या रक्षणासाठी म्हणून काही मिळायचा नाही. मिळेल ते नुसता बार काढणारं पिस्तूल. त्यातून गोळी सुटत नाही, आवाज होतो किंवा मिरचीचा वायू उडतो. घरात ठेवायला अठरा पूर्ण असलं की पुरे. रस्त्यावर घेऊन फिरायचं असेल तर वेगळा परवाना.

मग त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"तिघं," हृषिकेश म्हणाला. "मी, बायको, आणि सात वर्षांची मुलगी."

तोंडून ते इतकं सहज गेलं की आपण खोटं बोललो हे त्याच्या लक्षात परतीच्या गाडीत आलं. तोवर पिस्तूल मांडीवरच्या पिशवीत होतं. आणि मूल घरात आहे म्हणून फोग्टनी आग्रहाने घ्यायला लावलेली आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटीही.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. पिस्तुलाची मूठ जाड होती, त्याच्या हाताला ठीक, पण चारूच्या बोटांना पुरली नसती. त्याने बरोबर तिचा एक हातमोजा नेला होता. खुंटीवर राहिलेला, तपकिरी लोकरीचा. फोग्टनी तो मोजा नीट पाहिला, आत दोन बोटं घालून लांबी अजमावली, आणि खणातून रबराच्या बारीक मुठी काढून एकेक लावून बघितल्या. दोघं तासभर त्यात रमले. तिसरी मूठ बसली. हृषिकेशला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग दर शनिवारी काही ना काही निघू लागलं. त्याला पिस्तुलाखाली बसवायचा टॉर्च हवा होता, पण फोग्टनी मान हलवली. बंदुकीवर दिवा लावायला इथल्या कायद्याची बंदी आहे, टॉर्च हातात धरायचा. त्यांनी एक आखूड, जड टॉर्च दिला. बंद खोलीत बार काढला तर कान बधिर होतात, म्हणून कानांवर लावायचे संरक्षक घ्यायचं ठरलं. मोठ्यांचे दोन झाले. लहान मुलांचेही मिळतात, गुलाबी किंवा हिरवे, फोग्ट म्हणाले. हृषिकेशने विचार करून हिरवे घेतले, कारण अन्वीला गुलाबी रंगाचा राग होता.

फोग्ट माल खपवणारे नव्हते. तेच म्हणाले, "आल्झो, हेर दामले, खरं सांगू का? जिन्यात तुम्ही हा वायू उडवलात, तर आधी तुमचेच डोळे जातील. चोराला आत येऊ न देणं जास्त चांगलं." म्हणून मग खिडक्यांना जादा कड्या आल्या. बागेकडे माणूस हलला की पेटणारा दिवा आला. हृषिकेश रविवारभर ते बसवत असे. ऑफिसात कुणी विचारलंच तर सांगायचा, घर अपग्रेड करतोय. आणि बसवताना तो खरोखरच तिघांचा विचार करायचा. वरून अन्वी धावत आली तर तिचा हात कुठल्या कडीला पोचेल, चारू कुठल्या बाजूने दार लावेल. संध्याकाळी काम संपलं की अवजारं आवरताना घर एकदम मोठं वाटू लागे.

रविवारी सकाळी तो पुण्याला फोन करी. अन्वी लहानपणापासून मराठी समजून घ्यायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. पुण्याला गेल्यावरही सुरुवातीला फोनवर ती धडाधड जर्मन बोले, आजोबा-आजीला कळू नये म्हणून मुद्दाम. दिवाळीनंतर वाक्याच्या मधेच ती अडखळू लागली. जानेवारीत एकदा ती सबंध फोन मराठीत बोलली, शाळेतल्या मुलींचे हेल काढत. आपण काही वेगळं केलं असं तिच्या लक्षातही आलं नाही. हृषिकेशने तिला जर्मनमध्ये विचारून पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, मराठीत बोला ना. पटकन होतं."

पिस्तुलाबद्दल त्याने घरी काही सांगितलं नव्हतं.

इकडे फोग्ट आता बायकोला घेऊन या म्हणून मागे लागले होते. पेटी उघडायचा आकडा तिला पाठ हवा, टॉर्च कसा धरायचा ते तिने एकदा करून बघायला हवं, नाहीतर हे सगळं घेऊन उपयोग काय. हृषिकेशने एकदा फ्लूचं कारण दिलं, एकदा मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाचं. फोग्ट तेवढ्याच विश्वासाने ऐकून घ्यायचे, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटायची. फेब्रुवारीत त्याने शनिवारचं जाणंच बंद केलं.

पण पुढच्या दाराला आडवा बसवायचा पोलादी अडसर त्याने आधीच मागवून ठेवला होता. घरमालकाची परवानगीही घेतली होती. तो अडसर आल्यावर फोग्टनी फोन केला, म्हणाले, जड आहे, मी जवळच कोर्नवेस्टहाइमला राहतो, शनिवारी दुपारी गाडीतून घेऊन येतो आणि बसवूनही देतो. नको म्हणायला काही कारण सुचलं नाही.

त्या शनिवारी सकाळी हृषिकेशने कपाटातून चारूचा हिवाळी कोट काढला आणि दाराजवळच्या खुंटीवर अडकवला. अन्वीचे जुने बूट वरून आणून पायपुसण्यावर ठेवले, एक जरा तिरका. मग दोन पावलं मागे जाऊन त्याने ते बघितलं. हे आपण काय करतोय, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात घंटी वाजली.

फोग्ट ड्रिल आणि लांबलचक खोकं घेऊन आत आले. बायको-मुलगी बाहेर गेल्या आहेत, असं त्यांनी विचारायच्या आधीच हृषिकेशने सांगून टाकलं. बरं, बरं, म्हणत ते कामाला लागले. दाराची रुंदी मापली, भिंत ठोकून पाहिली. मग कानावर पेन्सिल खोचून म्हणाले, की या अडसराचा खटका खूप वर झाला तर घाईत नीट फिरवता येत नाही, खांद्याच्या थोडा खाली हवा. घरात जास्त वेळ कोण असतं, त्याच्या मापाने बसवू.

"तुमच्या बायकोची उंची किती?" त्यांनी विचारलं.

हृषिकेशने हात आपल्या हनुवटीपाशी धरला. आकडा त्याला येत होता, पण हातच वर गेला. फोग्टनी त्या हाताकडे बघितलं आणि पेन्सिल दारावर टेकवली. ती खूण होणार हे पाहून हृषिकेश म्हणाला, "थांबा. ती इथे नाहीये."

"बाहेर गेलीय म्हणालात ना."

"जूनपासून नाही. दोघीही नाहीत. भारतात आहेत."

फोग्टनी पेन्सिल दारावरून काढली नाही. हृषिकेशला वाटलं आता ते मोज्याचं विचारतील, मुलीच्या हिरव्या संरक्षकांचं विचारतील. त्यांनी तसलं काही विचारलं नाही.

"मग कुठल्या उंचीला बसवू?" ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी फुटपाथवरचा बर्फ खरवडत होतं. हृषिकेश दाराकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्या."

"गेनाऊ," बरोबर, असं फोग्ट हळूच म्हणाले, आणि खूण वीतभर वर केली. ड्रिल सुरू करण्याआधी त्यांनी खुंटीकडे मान केली. "तो कोट आत ठेवा. धूळ बसेल."

काम झाल्यावर दोघांनी स्वयंपाकघरात कॉफी घेतली. फोग्ट आपल्या बायकोबद्दल बोलले. लग्नाला कित्येक वर्षं झाली, पण तिने दुकानात कधी पाऊल टाकलं नाही, तिला हत्यारांचा वास सहन होत नाही. म्हणून ते घरी जाताना आधी तळघरात कपडे बदलतात. हृषिकेश हसला. जाताना फोग्ट म्हणाले, पिस्तूल नको असेल तर मी परत घेईन, आणि तसंही शनिवारी येत चला. काही घ्यायला हवं असं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या फोनवर त्याने चारुलताला सगळं सांगितलं. पिस्तूल, मूठ, मोजा, कोट.

"तू घाबरला होतास, तर मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली.

"चोराला नव्हतो घाबरलो."

"ते कळलं मला." मग ती म्हणाली, "हृषिकेश, मी नाही येणार परत. हे मी तुला ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं. मी वाट बघत होते, तू विचारशील म्हणून."

त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं. तूही इकडे ये, असं ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तो म्हणाला बघतो. पुण्यात त्याच्या कामाची इंजिनं कुणी तपासत नव्हतं असं नाही. पण चारू सहा वर्षं आपलं काम सोडून राहिली, तसं आता आपण इथलं सोडून जायचं, एवढी ताकद आपल्यात आहे का, हे त्याला सांगता येईना.

मार्चमध्ये त्याने घर सोडायची नोटीस दिली. पिस्तूल, पेटी आणि मुठी फोग्टना परत नेऊन दिल्या. अडसर दारावर तसाच ठेवला, घरमालक खूश झाला. जूनच्या सुरुवातीला तो फॉयरबाखला एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेला. तिथे पहाटेपासून पावाचा वास यायचा आणि बेकरीवाली बाई जिन्यात भेटली की हवामानाबद्दल बोलायची. शनिवारी कधीतरी तो लुडविग्सबुर्गला जाऊन फोग्टच्या दुकानात स्टुलावर बसायचा. फोग्ट गिऱ्हाईक करत, तो एखादी नादुरुस्त दुर्बीण उघडून बघत बसे. दोघं फारसं बोलत नसत.

पुण्यातली शाळा सुरू व्हायच्या आत अन्वी दहा दिवस येऊन गेली. हवाई सुंदरीच्या हाताला धरून ती बाहेर आली तेव्हा त्याने तिला पटकन ओळखलं नाही, ती इतकी उंच झाली होती. दहा दिवस ती आतल्या खोलीत झोपली, बेकरीवाल्या बाईने तिला रोज एक ब्रेत्सेल, पीळ घातलेला खारा पाव, दिला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं जर्मन थोडं थोडं परत आलं. तिला विमानात बसवून तो रविवारी दुपारी परतला. खाली बेकरी बंद होती. तो वर गेला, खिडकी उघडली, चहा टाकला. आतल्या खोलीत पलंगावरची चादर चुरगळलेली होती, उशी भिंतीकडे सरकलेली. त्याने दार ओढून घेतलं आणि त्या दिवशी ते आवरलं नाही.