काकांची आंघोळ आणि आमची भिंत

आमच्या बैठकीची उत्तरेकडची भिंत ओली व्हायची, आणि ती शेजारच्या काकांच्या आंघोळीनं होते, हे मी एकटीनंच ठरवून टाकलं होतं. मी एकदा ठरवलं की संपलं. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, माझी चूक दाखवायची कुणाची टाप नव्हती. घरात तर नव्हतीच नव्हती. नवरा नांदेडला नोकरीला. शनिवारी यायचा, सोमवारी सकाळच्या बसनं परत जायचा, आणि तेवढ्यात कशाला कटकट म्हणून माझ्या होला हो करायचा.

लातुरातलं आमचं घर आणि काकांचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं, एवढाच. त्यात कधी कुणी फरशी टाकली नव्हती, कारण बोळ आमचा की त्यांचा यावर सासऱ्यांच्या काळात भरपूर भांडणं होऊन गेली होती, आणि जो फरशी टाकेल त्यानं हक्क सांगितला असा अर्थ होणार होता. तेव्हा काळी माती तशीच राहिली. काकांच्या न्हाणीच्या भिंतीला खाली मोरीचं तोंड होतं. त्यातून आंघोळीचं पाणी बोळात यायचं आणि मातीतल्या बारीक पाटानं रस्त्याकडच्या गटारीला जायचं. निम्मं जायचं, निम्मं माती प्यायची. माझं म्हणणं, माती नाही, माझी भिंत प्यायची.

भिंतीचे हाल काय सांगू! जमिनीपासून कमरेपर्यंत काळपट ओल. पुट्टी फुगायची, पोपडे सुटायचे, खाली पांढरा खार साचायचा. रोज झाडताना सुपलीभर निघायचा. पाहुणे सोफ्यावर बसून माझ्याशी बोलायचे आणि नजर भिंतीवर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात हे लातूर. नळ आठवड्यानं आला तर आला, नाहीतर दहा दिवसांनी. इथं कुणाची भिंत ओली दिसली की कुणीतरी पाणी उधळतंय हे शेंबडं पोरही सांगेल. मी माझ्या घरात भांडी घासलेलं पाणी झाडांना घालायचे. आमचा हौद बैठकीच्या फरशीखालीच आहे. तो भरला की चार दिवसांत निम्म्यावर यायचा, आणि मी नवऱ्याला झापायचे. "नांदेडला गोदावरी आहे ना? तिथं न्हाऊन यायचं आणि इथं नुसतं तोंड धुवायचं!" तो बिचारा दोन तांब्यांत आंघोळ उरकायचा. हौद तरी खालीच जायचा.

काका म्हणजे भुसार मालाचे जुने दुकानदार. लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. मग लकवा मारला आणि डावं अंग गेलं. बोलणंही गेलं म्हणायचं, कारण जे यायचं ते काकूंनाच कळायचं. पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावर घेतात, आणि काकांचा नेमका तोच हात गेलेला. मग काकू त्यांच्या हाताखाली स्वतःचा हात धरायच्या. पूजा झाल्याशिवाय काका अन्नाला शिवायचे नाहीत, आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय पूजेला बसायचे नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या न्हाणीतलं सगळं ऐकू यायचं. प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज, तांब्यामागून तांब्या, काकूंचं "डोळे मिटा, डोळे मिटा", आणि काकांचं ते आतल्या आत गुणगुणणं. दिवसातून तेवढ्याच वेळी त्यांचा आवाज मोकळा निघायचा.

मला तो आवाज ऐकला की भिंत दिसायची.

आधी मी टोमणे मारले. "काकू, लातुरात राहता की कोल्हापुरात?" त्या ओशाळून म्हणायच्या, "दोनच बकिटी असत्यात ओ बाई. बोअरचं पाणी हाय, खारट, पियाचं बी न्हाई." एकदा तर मी कमालच केली. म्हणाले, "तुमच्यात तर विटाळ-बिटाळ काही मानत नाहीत म्हणतात. मग आंघोळीवाचून पूजा कशी अडते हो?" काकू म्हणाल्या, "खरं हाय बाई. सांगणारे तसंच सांगत्यात. पण त्येंना जन्माची सवय हाय ना." मी घरात आले आणि कशी बोलती बंद केली म्हणून स्वतःवरच खूष झाले.

दिवाळीच्या आधी मी भिंत खरवडून घेतली, नवा गिलावा, नवी पुट्टी, बदामी रंग. महिनाभरात रंगाखाली फोड आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं, बोळात नेलं आणि काकांच्या मोरीचं तोंड दाखवलं. म्हटलं, हे बुजव.

तो म्हणाला, "त्येंना इच्यारलंय का, बाई?"

"काम कुणाचं करायलास? माझं ना? मग बुजव."

त्यानं विटेचे तुकडे घातले आणि वरून सिमेंट थापलं. दहा मिनिटांचं काम. मी उभी राहून करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. न्हाणीत पाणी तुंबून उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेलं होतं. त्यांनी हात जोडले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. "बाई, तोंड मोकळं करा ओ. मालकाला न्हाऊ घालायचं हाय."

"आधी पक्का पाइप टाका, गटारीपर्यंत. मग मी स्वतः फोडून देते."

"पोरगा पुण्याला हाय, आत्ताच दिवाळीला येऊन गेला. उन्हाळ्यात येईल, त्याला सांगते. माझ्या एकलीच्यानं हे मिस्त्रीबिस्त्री काय हुतंय?"

"मग उन्हाळ्यात न्हाऊ घाला," मी म्हणाले.

हे वाक्य माझंच आहे. रागाच्या भरात निसटलं असं सांगायची सोय नाही. शांतपणे म्हणाले आणि दार लावलं.

काकूंनी मनात आणलं असतं तर एका पहारीत ते सिमेंट फुटलं असतं. चारचौघांत बोभाटा केला असता तरी माझी पंचाईत झाली असती. पण त्यांनी कुणापाशी ब्रही काढला नाही. त्या ओल्या फडक्यानं काकांचं अंग पुसायला लागल्या. पहिल्या दिवशी काकांनी लिंग हातात घेतलं नाही, म्हणजे जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. खिडकीतून त्यांचं ओरडणं यायचं. शब्द कळत नव्हते, पण काय मागतायत ते कळायला शब्दांची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी काकूंनी रडून-भेकून दूध पाजलं. मी खिडकी लावून घेतली. हिवाळा होता, म्हणून लावली असं मी नवऱ्याला सांगितलं.

पुढं काकूंनी एक मोठं घमेलं आणलं. आठवड्यातून एकदा त्यात काकांचे पाय ठेवून चार तांबे अंगावर ओतायच्या, आणि मग ते पाणी बादलीनं पुढच्या दारानं गटारीपर्यंत न्यायच्या. एका बाजूला कलंडून चालायच्या. एकदा मी शाळेला निघाले होते, त्या समोरून बादली घेऊन आल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "कडेनं न्या काकू, भिंतीपाशी सांडू नका." त्या "हाव, हाव" म्हणत कडेनं गेल्या. भिंत अजून ओलीच होती, पण मुरलेलं पाणी निघायला वेळ लागतो, असंही मीच ठरवून टाकलं होतं.

गुणगुणणं बंद झालं होतं. पुढं पुढं ओरडणंही बंद झालं. काका हळूहळू नुसती हाडं राहिले. महाशिवरात्र तोंडावर आली होती, तेव्हा गेले.

लिंगायतांमध्ये माणसाला बसवून नेतात. त्याआधी आंघोळ घालतात. न्हाणीत चार माणसं मावणार नव्हती आणि तिथलं पाणी तर वाहूनच जात नव्हतं, म्हणून काकांना खुर्चीत बसवून बोळाच्या तोंडाशी आणलं. पुण्याचा मुलगा आला होता, त्यानं मागून मान धरली. काकूंनी पहिली घागर स्वतः ओतली. मग दुसरी, तिसरी. बोअर चालूच होती, बाया भरून देत होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा काकांच्या डोक्यावरून भरभरून पाणी चाललं होतं. गल्लीतली बायामाणसं डोळे पुसत होती. मीही डोक्यावर पदर घेऊन उभी होते.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. पाणी बोळातल्या मातीवरून माझ्या भिंतीकडं सरकत होतं, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा पुट्टी फुगणार. एवढंच वाटलं. दुसरं काहीही नाही.

दिवसकार्य झालं आणि मुलानं काकूंना रेणापूरला त्यांच्या बहिणीकडं सोडलं. घराला कुलूप लागलं. उन्हाळा चढला. बोळात पाण्याचा टिपूस नाही, मातीला हात जाईल अशा भेगा. आणि माझी भिंत ओलीच! उलट नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी जास्त ओली.

आठवीच्या पोरांना मी दरवर्षी एक प्रयोग दाखवते. शाईच्या पाण्यात खडू उभा करायचा. बघता बघता शाई खडूत वर चढते. पोरं आ वासून बघतात. त्या वर्षी ते शिकवून मी घरी आले होते, पाय वर घेऊन सोफ्यावर बसले होते, समोर भिंत. कमरेपर्यंत ओल, वरची कड खडूसारखीच वाकडी. माझ्या पायाखालीच हौद होता. मी पाय खाली टेकवले नाहीत कितीतरी वेळ.

हौद साफ करणाऱ्याला बोलावलं. तो शिडी लावून आत उतरला आणि खालून ओरडला, "बाई, या कोपऱ्यात चीर हाय! चांगली बोटं जायलीत की ओ. पाणी सगळं भिंतीकडंच चाललंय. लई वर्षांचं दिसतंय हे."

"हळू बोल," मी म्हणाले.

पुढचं दार लावून घेतलं आणि चीर भरून घेतली. शेजारी कुलूप होतं तरी दार लावलं. सिमेंटच्या गोण्या मागच्या दारानं आणवल्या. शनिवारी नवरा आला, तर म्हटलं, हौद साफ करून घेतला. दोन आठवड्यांनी तो म्हणाला, "पाणी आता पुरायलंय की गं." मग भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पेपर उघडला. त्या वेळी तरी त्यानं काही बोलायला पाहिजे होतं. मला एकटीला ते ठेवून घ्यावं लागलं, आणि मी ते व्यवस्थित ठेवलं. भिंत खडखडीत वाळली. मी पुन्हा बदामी रंग दिला.

पोळ्याच्या सुमारास काकू परत आल्या. आल्या त्या पिशवी घेऊन थेट माझ्याकडं. पिशवीत धपाटे होते, बहिणीनं दिलेले. माझ्यासाठी आणले होते! सोफ्यावर बसल्याच नाहीत. भिंतीपाशी गेल्या आणि तळहात टेकवला. वर, खाली, पार कोपऱ्यापर्यंत फिरवला.

"वाळली की ओ," म्हणाल्या.

"म्हंजे आमचंच पाणी हुतं, बाई. तुमी म्हणत हुताव ते खरंच हुतं. ते गेले अन् भिंत वाळली. मला मनात लई राग यायचा तुमचा, खोटं का बोलू? माफ करा." मग म्हणाल्या, "बोळात आता फरशी टाकून घ्या. आमचं कुणी काय म्हणणार न्हाई. पोराला सांगितलंय मी."

माझ्या घशाशी आलं होतं. हौद, चीर, खडू, सगळं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण काकूंचं संपलं नव्हतं.

"मालकाला मी लई बोलले ओ. तुमच्या आंघुळीपायी लोकाची भिंत कुजायली, म्हणले. आधी आइकत नव्हते, वरडायचे. मग त्येंना पटलं. शेवटल्या दिसात मीच म्हणले, घ्या एक तांब्या डोक्यावर, मी भायेर नेऊन टाकते पाणी. तर मान हालवून न्हाई म्हणले. 'बाईची भिंत,' म्हणले. बघा, इतक्या दिसात तेवढंच सरळ उमटलं त्येंच्या तोंडातनं."

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी काय म्हणते याची वाट बघत होत्या.

"असू द्या काकू," मी म्हणाले. "माझ्या मनात काही नाही."

"तुमचं मन मोठं हाय, बाई," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी धपाटे डब्यात काढून घेतले आणि त्यांची पिशवी घडी घालून परत दिली.