बसची पाटी आणि झेंडूचा रस

चोपड्याच्या बसस्थानकात नजर सुधारते म्हणून झेंडूचा रस विकणाऱ्या त्या माणसाला मी नाव कधी विचारलं नाही. बाटली उन्हात धरून तो आधी स्वतः आरपार बघायचा, मग गिऱ्हाइकाला घोटभर पाजायचा आणि समोरच्या बसची पाटी वाचायला सांगायचा. झाली डोळ्यांची तपासणी! झेंडूतल्या पिवळ्या द्रव्यावर संशोधन चालू आहे हे खरं. पण प्रयोगशाळा म्हणजे याची बादली नव्हे, असं मी तिथे प्रवाशांना वाटायचो त्या डोळ्यांच्या आजारांवरच्या पत्रकात ठळक छापलं होतं.

एके दिवशी एक म्हातारे नाना धुळ्याला निघाले होते. डोळ्याचा पडदा झिजत चाललेला, उरलेली नजर टिकावी म्हणून तिथे इंजेक्शन घ्यायचं होतं. त्यांनी घोट घेतला. रसवाल्याने समोरच्या बसकडे बोट केलं.

"नाना, कोनती गाडी शे?"

"धुळानी शे."

त्या फलाटावर रोज धुळ्याचीच गाडी लागते, नानांनी सवयीनेच सांगितलं होतं. आज नेमकी भुसावळची लागली होती. मी पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

रसवाला शांतपणे म्हणाला, "भाऊ, नानानी नजर बरोबर शे. पाटीच चुकीनी शे."

सगळे हसले, कारण एसटीच्या पाटीवर इथे कुणाचाच विश्वास नाही. नाना तर "आते सुई कशाले?" म्हणत घराकडे वळले.

मी भांडून, हाताला धरून त्यांना पलीकडच्या फलाटावरच्या धुळ्याच्या गाडीत बसवलं. रसवाला खिडकीशी आला आणि बाटली त्यांच्या हाती देत म्हणाला, "सुई ल्या नाना. पन गुण येई तो या रसना, सुईना नही, ध्यानमा ठेवा."

नानांनी मान डोलावली. बाटली गळत होती, म्हणून त्यांनी ती माझ्या पत्रकात गुंडाळली.