तिरप्या पाट्या

ऑफिसात त्याला सगळे तिरपट म्हणायचे. माणूस अगदी सरळमार्गी. पण त्याने काढलेला तिरपा फॉन्ट कंपनीत सगळ्यात जास्त खपायचा, म्हणून हे नाव. अक्षरं स्वच्छ, एकसारख्या जाडीची, टोकांना कसली शेपटी नाही, नुसती जराशी कललेली. पुस्तकातला एखादा शब्द उठून दिसावा, चित्राखालची ओळ वेगळी वाटावी, एवढ्यासाठीच त्याने ती काढली होती.

मग एका नव्या हॉस्पिटलने सगळ्या पाट्यांसाठी तोच फॉन्ट मागितला. तिरपटने नमुना छापून ऑफिसच्या बोळाच्या टोकाला चिकटवला. लांबून अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलत होती. इंग्रजी सहाचा आकडा आठ वाटत होता. त्याला ते दिसलं. पण साहेब खूश होते, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या इमारतीवर आपली अक्षरं झळकणार म्हणून तोही सुखावला होता. त्याने नमुना काढून त्याची घडी घातली आणि तो गप्प बसला.

पुढे वडिलांचा छातीचा एक्स-रे काढायचा होता. नेमकं तेच हॉस्पिटल. "आठ नंबरची खोली, बाबा. तुम्ही व्हा पुढे, मी गाडी लावून आलोच."

तो वर आला तेव्हा नर्सबाईंचा आवाज चढला होता. "आजोबा, बायकांची कपडे बदलायची खोली आहे ही. वयाचा तरी विचार करायचा!"

"चुकलो बाई, चुकलो," वडील चष्मा पुसत पुटपुटत होते. बाकांवरची माणसं बघत होती. तिरपटने दाराकडे पाहिलं. सहाचा आकडा, त्याच्याच हातचा. "चला बाबा," म्हणत त्याने त्यांना आठ नंबरकडे नेलं.

गाडीत वडील म्हणाले, "मला आठ वाटला रे. डोकं काम देईनासं झालंय बहुतेक."

त्यानंतर त्यांनी एकट्याने बाहेर पडणं सोडलं. त्याची बायको त्याला काळजीने विचारायची, बाबांना काय झालंय. तिरपट विषय बदलायचा. शेवटी एकदा जेवताना त्याच्या तोंडून निघालं, "बाबा, ती पाटी माझी. नीट वाचता येत नाही हे मला आधीच कळलं होतं."

वडिलांनी घास ताटात ठेवला. "मग तिथं सांगायचं होतंस. त्या बाईंसमोर."

दुसऱ्या दिवशी तो नर्सबाईंना जाऊन भेटला आणि सगळं सांगितलं. त्या ओशाळल्या. "रोज कुणी ना कुणी तिथं शिरतं हो. आम्हाला वाटायचं, लोक लक्षच देत नाहीत." ते 'रोज' ऐकून त्याची मान वर होईना. तसाच तो व्यवस्थापकांकडे गेला.

पाट्या बदलल्या, सरळ, ठसठशीत अक्षरांच्या आल्या. साहेबांनी बरेच दिवस अबोला धरला. तिरपा फॉन्ट पुस्तकांत चालत राहिला.

"आता वाचता येतं तिथं," त्याने घरी सांगितलं.

"येऊ दे," वडील म्हणाले. राहिलेल्या तपासण्या त्यांनी लांबच्या दुसऱ्या हॉस्पिटलात करून घेतल्या. तिरपट दर वेळी सोबत गेला, दारापर्यंत त्यांचा हात धरून.