वाढणारा शेवटी जेवतो

जेवणारे जगात पुष्कळ आणि स्वयंपाक करणारेही पुष्कळ, पण वाढणारा एकच आणि ते म्हणजे माझे थोरले दीर, आबा, हे मी कुणाहीपुढे सांगेन. चोपड्याकडे केळी लावणाऱ्या आबांनी जन्मभर गावच्या लग्नांत वरण-बट्टीच्या पंगती वाढल्या. हातात बादली आली की सत्तरीचे आबा पंचविशीचे होतात. कोण लाजतंय, कुणाची बट्टी तुपाविना कोरडी राहिली, हे त्यांना मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. एकदा नवरदेवाचा मामा रुसून ताटावरून उठत होता. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "मामा, रुसा, पन जेवीसन रुसा." मामा जेवला आणि नंतर रुसायचं विसरला.

पुढे लग्नांत बुफे आला, आबा बेकार झाले आणि हॉटेलांकडे वळले. दर महिन्याला ते साखर तपासायला जळगावला आमच्याकडे येतात. माझा क्रम ठरलेला असतो: आधी दवाखाना, मग शेवभाजीचं हॉटेल, तिथे गोळी, लगेच जेवण, मग परतीची बस. आबा गोळीपर्यंत माझं ऐकतात. तेवढ्यात त्यांना शेजारच्या टेबलावर रिकामी वाटी दिसते आणि वेटरच्या हातातली रश्शाची बादली त्यांच्या हातात येते. "ल्या भाऊ, लाजू नका, आपलंच हॉटेल शे!" लोक त्यांना मालक समजतात. एकाने पंखा बंद असल्याची तक्रार केली, तर आबांनी माफी मागितली आणि मालकाच्या इतकं मागे लागले की पुढच्या खेपेला पंखा गरगरत होता. मालक मला म्हणाले, "ताई, ते येऊन गेले की माझे वेटर आठवडाभर नीट वाढतात."

अडचण एकच होती. वाढणाऱ्याने सगळे जेवल्यावर जेवायचं, हा आबांचा नेम. पण पंगत उठते, हॉटेल उठत नाही. एक टेबल रिकामं झालं की दुसरं भरतं. पोटात गोळी आणि वर अन्न नाही, अशाने एकदा त्यांचा हात थरथरला, रस्सा सांडला आणि त्यांनी दोष बादलीला दिला. यावर तोड फक्त माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, आबांसोबत येणाऱ्या अक्कांकडे होती. त्या प्लास्टिकची खुर्ची ओढून हॉटेलच्या दारात आडव्या बसायच्या. "थांबा भाऊ, एक पंगत उठू द्या." आतली टेबलं रिकामी व्हायची, आबा निमूट बसायचे. आम्ही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या खेपेला मी आबांचं ताट सर्वांत आधी मागवलं. ते त्यांनी एका घाईतल्या कंडक्टरला दिलं.

"आबा, गोळी घेतलीय तुम्ही!"

"हां, पन बठ्ठा जेवनात का?" सगळे जेवले की नाही, हीच त्यांना काळजी.

त्यांच्या हातातली बादली हलायला लागली होती. मी उठले, खुर्ची ओढली आणि दारात बसले.

"ताई, हॉटेल चालू शे ना?" बाहेरून एक जण ओरडला.

"थांबा भाऊ, एक पंगत उठू द्या."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेटरला आबांचं ताट लावायला खुणावलं. हळूहळू आतले लोक उठले. आबांनी दाराकडे पाहिलं. तिथल्या खुर्चीकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवून बसले आणि जेवले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, तशी मी उठायला लागले.

"बठ तू," आबा म्हणाले. ते दुसरं ताट घेऊन दारात आले, ते माझ्या मांडीवर ठेवलं, त्यात भाकरी ठेवली आणि वाटीत रस्सा ओतला.

"दारवर बठनारी उपाशी राही जास. इतला साल ती आठे, याच खुर्चीवर बठनी, पन तिले वाढाचं राही गयं."

बाहेरचे लोक उन्हात थांबले होते. मी दारात बसून जेवले आणि वाटी अर्धी होण्याआधीच बादली पुन्हा माझ्यासमोर आली.