पाणी उजव्या हाताला

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं, की राखीव जंगलात एक लहानसा तलाव लागतो. त्याच्या काठानं पूर्वी पायवाट होती. आता तिच्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून ती सपाट केली आहे. मंचर-नारायणगावची माणसं रविवारी सकाळी गाड्या घेऊन येतात, सावकाश धावत एक फेरी मारतात आणि पोहे खाऊन परत जातात. ही वाट वनखात्यानं ठेवलेला संपत सांभाळतो. पालापाचोळा झाडायचा, आडवी पडलेली फांदी ओढून टाकायची, बिबट्याचे ठसे दिसले तर फाटक उघडायचं नाही.

संपतची आई प्रयागबाई मात्र या वाटेनं त्याच्याही आधीपासून चालत आलेली. बांध घातला तेव्हा जुनी वाडी पाण्याखाली गेली. माणसं वर सरकली, गुरं सरकली, पण कळमजाई देवीचा तांदळा, म्हणजे तिचा शेंदरी दगड, जागचा हलेना. गावानं वर नवं ठाणं मांडलं. प्रयागबाई तिथं नारळ वाढवायची, पण देवी खालीच बसली आहे हे तिच्या मनातून जाईना. मग ती साऱ्या तलावालाच प्रदक्षिणा घालू लागली, पाणी उजव्या हाताला ठेवून. नवस नाही, मागणं नाही. भाताची लावणी असो की घरात दुखणं असो, तिची सकाळची फेरी चुकली नाही. लहानपणी संपत तिचं बोट धरून याच वाटेनं फिरला होता.

मागच्या दिवाळीनंतर वनखात्यानं बाणांच्या पाट्या पाठवल्या. धावणारे समोरासमोर येऊन धडकू नयेत म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं. साहेबांनी नकाशा दिला, सुरुवात बांधावरून. संपत पाट्या खांद्यावर घेऊन निघाला तो सवयीनं, पाणी उजव्या हाताला ठेवून. नकाशातले बाण पाणी डाव्या हाताला ठेवणारे होते; तसेच त्यानं ते लावले, म्हणजे स्वतःच्या पाठीमागे तोंड करून. पाय नेहमीच्या वाटेनं पडत होते, त्यामुळे काही चुकतंय असं त्याला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी प्रयागबाई निघाली, तर समोरून माणसांचा लोंढा. एक तरुण तिला चुकवताना घसरला.

"आजी, उलट्या चाललात तुम्ही. पाटी बघा ना."

"मी उलटी?" तिनं विचारलं. तो कपडे झटकत पुढे गेला होता.

संपत झाडू टाकून धावत आला. आईनं पाटीकडे बोट केलं. "ही कुणी लावली रं?"

"मीच."

"उलट्या फेऱ्या सरणाला घालत्यात, बाबा. देवाला न्हाई."

एवढंच बोलून ती घरी गेली. त्या दिवसापासून फेरी बंद झाली. ती सकाळी उठायची, लुगडं नेसायची आणि ओट्यावर बसून राहायची. संपतला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो साहेबांकडे गेला. साहेब माणूस चांगला. म्हणाले, "संपतराव, पाट्यांचं उद्घाटन होऊन गेलंय. पुढच्या वर्षी नव्या पाट्या येतील तेव्हा बघू."

होळीपर्यंत प्रयागबाई पार वाळली. जेवण कमी झालं, बसल्या जागी डोळा लागू लागला. पुढच्या वर्षाचा भरवसा संपतला वाटेना. एका सोमवारी, वाट बंद असते त्या दिवशी, भर दुपारी त्यानं पहार घेतली आणि एकेक पाटी उपटून फिरवून लावली. लपवाछपवी केली नाही.

रविवारी तो आईला म्हणाला, "आये, चल. बाण फिरवलं."

"साहेबाला इचारलंस?"

"न्हाई."

ती ओट्यावरून उठली. मग काठी मागितली.

जांभळाच्या झाडांपर्यंत ती चालली. तिथं तिचे पाय लटपटू लागले. मागून अश्विनी आली. मंचरची शिक्षिका, दर रविवारी येणारी. ती थांबली. "संपतभाऊ, आज सगळे या बाजूनं कसे?"

"पाट्या मी फिरवल्या, ताई. आधी माझंच चुकलं व्हतं."

अश्विनीनं बाटलीतलं पाणी प्रयागबाईच्या ओंजळीत ओतलं. "आजी, परत जायचं का? बांधाकडून फाटक जवळ आहे."

"परत न्हाई जायचं, बाई." प्रयागबाई दगडावर टेकली. "अर्ध्यावरनं फिरलं तर तेबी उलटंच."

संपत तिच्यापुढे उकिडवा बसला. "बस पाठीवर."

"येडा का तू? लोकं बघत्यात."

"बघू दे."

ती बसली. हिरड्याच्या फांद्यांची मोळी याहून जड असते, असं त्याला वाटलं. लोक मागून येत होते, जवळ आले की पाय मंदावत होते आणि डाव्या अंगानं पुढे जात होते. प्रयागबाईनं एक हात त्याच्या गळ्याशी धरला होता. दुसरा, उजवा, पाण्याकडे मोकळा ठेवला होता. जुनी वाडी जिथं होती तिथं ती म्हणाली, "हळू." तो हळू झाला.

फाटकाच्या अलीकडे तिनं त्याला थांबवलं. "आता उतरव. शेवटची चार पावलं माझ्या पायानं."

काठी टेकत ती फाटकापर्यंत गेली, वळली आणि तिनं पाण्याला हात जोडले.

"जड झाली का रं मी?"

"न्हाई."

"खोटं बोलतूस."

फाटकाबाहेर साहेबांची जीप उभी होती. साहेब खाली उतरून पहिल्या पाटीकडे बघत होते. संपतनं आईला आधी कट्ट्यावर नीट बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग तो त्यांच्याकडे चालत गेला.