उंबऱ्यापाशी पुढे झालेला हात

कोउबाबांचा आवाज म्हणजे उकळत्या किटलीनं शिट्टी घालावी तसा, बारीक आणि चिरका. पेकिंगमधल्या त्या गल्लीत कुणीही नाक चिमटीत धरून "कोबी ताजा आऽऽहे का गं?" म्हटलं, की बायका हसायच्या, "आले बघा कोउबाबा!" तेही हसायचे. आणि मग आपलीच नक्कल आणखी लांबवून करून दाखवायचे.

लहानपणीच बापानं त्यांना खच्ची करून, खोजा म्हणून राजवाड्यात चाकरीला धाडलं होतं. तिथं काम एकच. थोरल्या राणीसाहेबांच्या हाताखाली हात धरून त्यांना चालवायचं आणि उंबरा आला की सांगायचं. बादशाही बुडाली, खोजांना बाहेर काढलं, तेव्हा गाठोडं काखोटीला मारून ते या गल्लीत आले. दुष्काळात पोरकी झालेली सूयुन त्यांना इथंच भेटली. तिला लेक म्हणून वाढवलं; वेणी घालण्यापासून भरतकामापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं.

आता सूयुनचं लग्न जमत आलं होतं. लोणचीवाल्या त्साओंच्या मुलाला ती पसंत होती. पण घरात शब्द चाले त्याच्या आजीचा, आणि आजी आज घर बघायला येणार होती.

लग्न जुळवणाऱ्या हू मावशींनी कोउबाबांच्या गळ्याभोवती मफलर करकचून आवळला. "तुम्ही वाड्यात नोकरीला होतात, एवढंच सांगितलंय मी. खोजाची लेक म्हटलं की म्हातारी आल्या पावली परत जाईल. तुमचा घसा बसलाय. कळलं?"

"चहा घ्या, एवढंसुद्धा म्हणू नको?"

"नाही."

"आणि शिंक आली तर?"

"गिळा!"

अंगणात काठी वाजली. आजीचे पाय लहानपणी बांधून इवलेसे केलेले, आणि घराचा उंबरा हा एवढा उंच. नातवानं दंड धरून ओढलं तशी ती कडाडली, "अरे मेल्या, मी काय कोबीचं पोतं आहे?" आणि तोल गेला.

कोउबाबांना काही ठरवायला वेळच मिळाला नाही. मान झुकली, हात आपसूक पुढे झाला, आणि मफलरमधून तो आवाज निघाला, "उंबरा आऽऽला, सरकार... डावं पाऊल... सावकाऽऽश!"

हू मावशींनी कपाळावर हात मारला. कोउबाबांनाही तोंड लपवायचं होतं, पण हातावर म्हातारीचा भार होता.

आजी आत आली. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खोजा आहात तुम्ही."

"माझे बाबा आहेत ते," सूयुन पुढे आली.

"तुला विचारलं का मी? थांब जरा." ती पुन्हा कोउबाबांकडे वळली. "कुणाला चालवायचात?"

"थोरल्या राणीसाहेबांना."

"कधी पडू दिलंत?"

"कधीच नाही, सरकार."

आजीनं नातवाकडे बघितलं. "या घोड्यानं मला लोणच्याच्या बरणीवर पाडलंय. उंबरा दिसला की छातीत धडधडतं माझ्या." मग कोउबाबांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "चला, मला बाहेर न्या."

हू मावशी मटकन खाली बसल्या. आटोपलंच म्हणायचं सगळं!

अंगणात पोचल्यावर आजी वळली. "आता पुन्हा आत आणा. आणि तो मफलर काढा आधी, नीट ऐकू येत नाही. लग्नाच्या दिवशीही मला तुम्हीच आत आणायचं, व्याहीबुवा. गल्लीभर ऐकू जाऊ दे."

सूयुननं धावत येऊन मफलर सोडला. कोउबाबांनी घसा खाकरला, मान झुकवली, हात पुढे केला.

"उंबरा आऽऽऽला!"

"सरकाऽऽर!" भिंतीपलीकडून कुणीतरी हुबेहूब जोड दिली.