लोह्याचे कप्तान आणि दोन ग्रहणं

आमच्या ह्यांना त्यांच्या गावची, लोह्यातली माणसं अजून कप्तान म्हणतात. फौजेत होते म्हणून नव्हे. नांदेडात पाटबंधारे खात्यात कारकून आहेत, नाव हणमंत. कप्तान झाले ते टीव्हीमुळं. मी सौदामिनी, ह्यांची बायको. एकतीस वर्षं ह्यांच्याबरोबर संसार करून राहिले, तेव्हा सांगायचा हक्क माझाच.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. लोह्यात मलप्पा आडत्यांच्या घरी गल्लीतला पहिला टीव्ही आला. रविवारी सकाळी त्याच्यावर आकाशयानाची इंग्रजी मालिका लागायची. घट्ट कपड्यातली माणसं, लुकलुकणारी बटणं आणि दर आठवड्याला नवा ग्रह. ओसरीत चाळीस-पन्नास माणसं बसलेली, इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं. ह्यांनाही नाही, सहामाहीला इंग्रजीत अकरा मार्क. पण हा चौदा वर्षांचा पोरगा टीव्हीशेजारी उभा राहून धडाधड मराठीत सगळं समजावून सांगायचा. ह्यांच्या सांगण्याप्रमाणं परग्रहावरचे लोक लोह्याच्या विहिरींचं पाणी चोरायला निघाले होते, आणि यानाचा कप्तान त्यांना अडवत होता. मलप्पांनी त्या उन्हाळ्यात विहिरीवर राखणीला माणूस बसवला म्हणे. खरंखोटं देव जाणे, मला सांगणारेही हेच.

दिवसा मालिका, रात्री घराच्या माळवदावर पाठ टेकून आकाश. ते वेड काही उतरलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आहेरात घड्याळ नको, दुर्बीण द्या म्हणाले. माझ्या वडिलांनी दोनदा लोह्याला माणूस पाठवून चौकशी केली, की जावई डोक्यानं ठीक आहे ना. माणसानं दोन्ही वेळा सांगितलं, ठीक आहे, फक्त वर बघत चालतो.

पंच्याण्णव साली ऐन दिवाळीत सकाळचं सूर्यग्रहण होतं. मला सातवा महिना. सासूबाईंनी, पार्वतीबाई त्यांचं नाव, मला देवघरात बसवून दाराला कडी घातली होती. हे आले, कडी काढली आणि माझा हात धरून अंगणात घेऊन गेले. हातात सासूबाईंच्याच छातीचा एक्स-रे! तो डोळ्यांपुढं धरून बघ म्हणाले. तसं बघू नये, हे आता कळतंय. तेव्हा सासूबाईंच्या बरगड्यांमधून मी सूर्याची कोर पाहिली, आणि सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून कपाळ बडवत होत्या, "आरं मुडद्या, पोटुशी बाई हाय ती! गिराण लागंल लेकराला!"

हे हसले. "आई, ती सावली आहे नुसती," म्हणाले.

दोन महिन्यांनी उर्वी झाली. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला. सासूबाईंनी फक्त ह्यांच्याकडं बघितलं. त्यांचं ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. पाच महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, टाके पडले, ओठ छान जुळला. आता बारीक रेघ तेवढी दिसते. पण खरं सांगते, मी मनातल्या मनात ह्यांनाच दोष दिला. तोंडातून कधी काढलं नाही. भाकरी थापताना, पोरीला दूध पाजताना, शाळेत तिला कुणी चिडवलं की, दर वेळी मनात तेच यायचं. ह्यांनीच केलं हे.

आणि हे? ह्यांचं आपलं भलतंच. त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणाला आमच्या गच्चीवर कार्यक्रम. अर्धी कॉलनी वर, दुर्बीण लावलेली, आणि ऐन ग्रहणात सगळ्यांना पोहे! मी वेध पाळणारी, दुधात तुळशीपत्र टाकणारी बाई. पोहे मात्र मीच करायचे. पेपरात दोनदा ह्यांचा फोटो आला, तोंडात पोह्याचा घास घेतलेला. मला सगळ्यांसमोर म्हणायचे, "आमच्या घरातच पहिला अंधार आहे." लोक हसायचे. मी कढई घासायचे.

गेल्या वर्षी, म्हणजे पंचवीसच्या सप्टेंबरात, खग्रास चंद्रग्रहण होतं. उर्वी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, ग्रहण आपण दोघांनी गच्चीवरून बघायचं. मी तेवढ्यासाठी आठ दिवस आधी आले."

"हो हो," म्हणाले हे. आणि तिथून ह्यांचं काहीतरी बिघडलं. आधी कॉलनीचा कार्यक्रम रद्द केला, ढग येणार म्हणून. आकाश स्वच्छ! मग म्हणाले, जिन्याला शेवाळ आलंय. मी आदल्याच दिवशी जिना घासला होता. मग म्हणाले, वर डास लई झालेत, डेंग्यूची साथ आहे. उर्वीचं तोंड एवढंसं झालं. पोरगी लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून तारे मोजलेली. बाप आपल्याला टाळतोय एवढंच तिला दिसत होतं.

रात्री दहाच्या सुमारास दुधाची पिशवी कापायला मी कात्री शोधायला लागले. कात्री नाही. सुरी बघितली, सुरी नाही. विळीही जागेवर नाही. माझ्या शिवणाच्या डब्यातली सुईसुद्धा गायब! शेवटी दुर्बिणीची पेटी उघडली. दुर्बीण पलंगाखाली, आणि पेटीत कात्री, सुरी, विळी, सुया, ह्यांचा दाढीचा वस्तरा आणि नेलकटर.

माझं डोकं सणकलं. "अहो कप्तान!" ओरडले मी. "हे काय करून राहिले? पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापू नये, म्हणून तुम्ही लपवलंत? तुम्ही? तीस वर्षं मला अडाणी म्हणालात, ऐन ग्रहणात पोहे करायला लावलेत!"

हे पलंगाच्या कडेला बसले. उर्वी दारात येऊन उभी होती. ह्यांनी तिच्याकडं बघितलं, म्हणजे तिच्या ओठाकडं, आणि मान खाली घातली.

"एकदा ऐकलं नव्हतं मी आईचं," म्हणाले. "ही पोर भोगून बसली. परत न्हाई."

 म्हणजे ते पोहे, ते फोटो, ती भाषणं! हा माणूस तीस वर्षं स्वतःलाच ओरडून ओरडून समजावत होता.

उर्वीनं विचारलं, "आई, तेव्हा तुला कितवा होता?"

"सातवा."

"बाबा, वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, नाहीतर जुळायचा राहतो. रोज पोरांना शिकवते मी हे. ग्रहणाच्या किती आधीच माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"नक्की?" ह्यांनी लहान पोरासारखं विचारलं.

"नक्की."

हे रडायला लागले. पंचावन्न वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. शनी-गुरू कुठल्या तारखेला कुठं असतील ते बोटांवर सांगणारा. पण पाच महिन्यांचं हे गणित कुण्या डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नव्हती. 'ग्रहणानंच झालं का?' याचं उत्तर 'हो' आलं असतं तर? उर्वीनं ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, दुर्बीण ओढून काढली आणि दोघं सावकाश जिना चढून गेले.

मीही मागून गेले. चंद्र तांबूस व्हायला लागला होता. उर्वी दुर्बिणीला डोळा लावून बसली, तसे हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तूपण इतकी वर्षं मलाच दोष देत होतीस का गं?"

"छे!" मी म्हणाले. "असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."